‘धोकादायक’ भागांच्या याद्या आणि चुकीचा छेद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरातल्या ‘सर्वांत धोकादायक’ भागांच्या याद्या अधूनमधून छापून येतात. त्यांतले आकडे बहुधा खरे असतात, घोळ भागाकारात असतो. नोंदलेले गुन्हे भागिले तिथले रहिवासी, गुणिले एक लाख, असा दर काढतात. पण स्थानक, बाजारपेठ, कार्यालये असलेल्या भागात राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे अफाट. समजा, 20 हजार वस्तीच्या भागात वर्षभरात 640 पाकीटमाऱ्या नोंदल्या गेल्या. रहिवाशांच्या हिशेबाने दर येतो लाखामागे 3,200. तिथे रोज तीन लाख लोक बाहेरून येत असतील आणि छेदात त्यांनाही धरले, तर तोच दर 200 वर उतरतो. खिसा कापला जातो पाहुण्याचा, बदनामी होते रहिवाशांची. घरफोडीला मात्र छेद घरांच्या संख्येचा हवा, वाहनचोरीला उभ्या वाहनांचा.

शिवाय नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. वाहनचोरी सहसा नोंदली जाते, कारण विम्याला पोलिसांचा कागद लागतो. छेडछाड, घरातली मारहाण, किरकोळ चोऱ्या यांतले बरेचसे कागदावर येतच नाही. त्यामुळे ऑनलाइन तक्रारीची सोय झाली, की गुन्हे तेवढेच राहूनही ‘वाढले’ असा मथळा येऊ शकतो. तुलनेसाठी खुनांचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. पण तो शहरापुरता; एखाद्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत दोनाचे तीन झाले तरी पन्नास टक्के वाढ दिसते.

मुळात ‘भाग’ हे मापच फार ढोबळ आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहराच्या 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पोलिसांना आलेल्या बोलावण्यांपैकी निम्मी शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांपुरती निघाली. सिॲटलच्या चौदा वर्षांच्या नोंदींतही निम्मे गुन्हे सुमारे 5 टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडलेले दिसले. म्हणजे बदनाम वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि नावाजलेल्या भागातही एखादा कोपरा वाईट असतो. घर बघताना ‘हा भाग कसा आहे?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. कोणता कोपरा, किती वाजता, कसला गुन्हा, हे विचारावे आणि ती गल्ली एकदा रात्री अकराला चालून पाहावी.

उपायांचेही तसेच. गस्तीच्या गाड्या सरसकट वाढवा, ही मागणी नेहमीची. पण कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही विभागांत गस्त दुप्पट-तिप्पट करूनही गुन्ह्यांत फरक पडला नाही. मोजक्या ठिकाणी, वेळ बदलत, दहा-पंधरा मिनिटे थांबणारी गस्त अधिक कामाची. सीसीटीव्हीचा उपयोग वाहनतळांवर चांगला दिसतो, दारूच्या नशेतल्या हाणामाऱ्यांवर फारसा नाही.

घरफोडीबाबत एक गोष्ट सोसायट्यांनी जरूर लक्षात ठेवावी. एक घर फुटले की तेच घर आणि आसपासची दीड-दोनशे मीटरमधली घरे पुढचे काही आठवडे जास्त जोखमीत असतात. चोराला वाटा, कड्या, माणसांच्या वेळा माहीत झालेल्या असतात, आणि चोरीला गेलेल्या वस्तू नव्याने आलेल्या असतात. तेव्हा कुलूप आणि मागची खिडकी त्याच आठवड्यात दुरुस्त करावी. शेजाऱ्यांनाही लगेच सांगावे, अब्रूच्या भीतीने दडवू नये.

आपण पुढची यादी छापाल तेव्हा छेद कोणता, गुन्ह्याचा प्रकार कोणता, घडण्याची वेळ कोणती आणि पाच वर्षांची सरासरी किती, एवढ्या चार गोष्टी सोबत द्याव्यात, ही विनंती.

— एक वाचक