तालमीच्या मागच्या खोलीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कॅन्सरचं ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो, तेव्हा फाईलमधल्या डिस्चार्ज कार्डावर तळाला कुठेतरी एक ओळ असते : ‘हलका व्यायाम करावा’. हलका म्हणजे किती, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. घरचे म्हणतात, पडून राहा. भेटायला येणारेही शहाळं ठेवून तेच सांगून जातात. महिनाभरात मांड्या उतरतात, जिना चढताना धाप लागते, आणि ही धाप आजाराची की बसून राहिल्याची, तेच कळेनासं होतं.

अशा रुग्णांसाठी आमच्या तालमीच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस सकाळी मोफत व्यायामवर्ग चालतो. या खोलीत आधी गणपतीचं सामान पडलेलं असायचं. गेल्या वर्षी मंडळाने डॉल्बीला फाटा दिला (पोरं दोन दिवस रुसली होती, ते असो) आणि वाचलेल्या पैशांत फरशी, पंखे आणि भिंतीला कठडा करून घेतला. शिकवायला फिजिओथेरपिस्ट मॅडम येतात. पलीकडे हौद्यात पोरांचे जोर चाललेले असतात, अलीकडे आमची मंडळी खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव करतात.

कुणी म्हणेल, व्यायामाला मॅडम कशाला, घरी करता येत नाही का? ज्या बाईंची काखेतली गाठ काढली आहे, त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. त्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेतात, आणि जिथवर पोचल्या तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख टाकतात. आमच्या नव्या रंगावर अशा खुणांची शिडीच झाली आहे. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इथे सगळ्यांत जास्त येतात, तंबाखूचा प्रसाद, दुसरं काय. त्यांचा जबडा आखडतो. ते दातांमध्ये आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून धरतात आणि जमेल तशी एकेक वाढवत नेतात. एका काकांनी नऊ काड्यांपासून सुरुवात केली. सतरावर आले त्या दिवशी त्यांनी घरून भाकरी आणली आणि आमच्यासमोर चावून खाल्ली.

पण कुणाचं हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, कुणाच्या पायाला केमोने बधिरपणा आलेला असतो, कुणाच्या पोटाला शौचासाठी लावलेली पिशवी असते आणि चुकीचं वजन उचललं तर हर्निया व्हायची भीती. वस्ताद नुसत्या बैठका मोजत नाही, पोराचा श्वासही ऐकत असतो, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. मॅडम आधी फाईल बघतात, नाडी आणि बीपी बघतात, मगच उठवतात.

हा आमचा हट्ट नाही. २०२५ साली ‘चॅलेंज’ नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिकेसोबत तीन वर्षं पाठीशी उभा राहणारा प्रशिक्षकही दिला. आठ वर्षांनंतर प्रशिक्षकवाल्या गटात १०० पैकी ९० जण हयात होते, पुस्तिकावाल्या गटात ८३. अभ्यास बहुतांश कॅनडा-ऑस्ट्रेलियातला आणि एकाच प्रकारच्या कॅन्सरचा, त्यामुळे इथे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तसा शब्द देत नाही. औषधाऐवजी व्यायाम, असं तर मुळीच नाही. पण त्या पुस्तिकेत आणि आपल्या डिस्चार्ज कार्डावरच्या ओळीत काय फरक आहे, सांगा!

अडचण पैशांची आहे. ऑपरेशनला योजना मिळते, केमोला मिळते. इथला खर्च मात्र आजवर मंडळाच्या गल्ल्यातून चालला, आणि तो आता तळाला गेला आहे. मॅडमना महिन्याला १२,००० रुपये मानधन देतो. ते त्यांच्या कामाच्या मानाने कमीच आहे. अर्धा ते दोन किलोचे डंबेल, रबरी पट्ट्या, बिनहाताच्या आठ भक्कम खुर्च्या आणि एक बीपीचं यंत्र हवं आहे. जुनं चालेल, मोडकं नको. पन्हाळा, कागल, राधानगरीकडून येणाऱ्या बायकांना एसटीचं अर्धं तिकीट पडतं, पण मध्यवर्ती बसस्थानकापासून इथवर रिक्षाला पैसे नाहीत म्हणून दोघींनी येणं सोडलं. एखाद्या रिक्षावाल्या दादांनी सकाळची एक फेरी पत्करली, तर ती देणगीच समजू.

पैसे जमणार नसतील तर रविवारची सकाळ द्या. रंकाळ्यावर रुग्णांसोबत चालायला माणसं हवीत. एकाला एक. गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगाने. उपदेश करू नये, आणि ‘आमच्या ओळखीच्या एकांना पण झाला होता’ ही गोष्ट तर सांगूच नये.

देणगी रोज संध्याकाळी सहा ते आठ मंडळाच्या कार्यालयात रोख किंवा चेकने घेतली जाईल. पावती मिळेल, प्राप्तिकराची सवलत मात्र मिळणार नाही. देणगीदारांचे फोटो लावून डिजिटल फलक उभारणार नाही, हेही आत्ताच सांगतो. महिन्याचा जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लिहिलेला असेल.

वर्गात नाव घालायचं असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि फाईल आणावी. बूट नसले तरी अडत नाही, पण घसरणाऱ्या स्लीपर घालून येऊ नये.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सभासद