रविवारच्या स्वगत-वाचनाची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या हॉलवर भेदभावाच्या अनुभवांवरचं स्वगत-वाचन आहे. सहा स्वगतं, प्रत्येकी पाचेक मिनिटांची. नंतरचा तासभर बोलण्यासाठी राखलाय, म्हणून वाचन संपताच निघू नका.

स्वगतं आपल्याच सभासदांनी लोकांना भेटून लिहिली आहेत. एकात भाड्याने घर शोधणारी मुलगी आहे. घरमालकीण गॅलरी दाखवते, पाण्याच्या वेळा सांगते आणि चावी देता देता विचारते, "आडनाव काय म्हणालात?" चावी परत मुठीत जाते. तालमीत हे ऐकून बराच वेळ कोणी बोललं नाही.

ही पद्धत आपण अमेरिकन अभिनेत्री आणि नाटककार अ‍ॅना डेव्हिअर स्मिथ यांच्याकडून घेतली. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्राउन हाइट्स भागात कृष्णवर्णीय आणि ज्यू रहिवाशांमधला तणाव दंगलीपर्यंत गेला. स्मिथ दोन्हीकडच्या माणसांना भेटल्या आणि त्यांचंच बोलणं, अडखळण्यासकट, एकटीने रंगमंचावर उभं केलं. निवाडा दिला नाही, मला तेच मोलाचं वाटतं.

म्हणून वाचणाऱ्यांनी शब्द गुळगुळीत करू नयेत. ज्यांनी अनुभव सांगितले त्यांची नावं कुठेही घ्यायची नाहीत, मोबाइलवर चित्रीकरणही नको. चर्चेत "आमच्यात असं काही नसतं" म्हणण्याआधी स्वतःचा एखादा प्रसंग आठवून पाहा, सोसलेला किंवा आपल्या हातून घडलेला.

शेजाऱ्यांना आणा. सोसायटीच्या कमिटीवरचे कोणी आले तर फारच बरं.