दारू सोडणाऱ्यांच्या गटांचे पत्ते छापावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रक्तपेढ्या, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे क्रमांक नियमित छापले जातात. त्याच चौकटीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या स्वमदत गटांच्या मीटिंग कुठे, कोणत्या वारी आणि किती वाजता भरतात, हेही छापावे, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे थोरले बंधू व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल होते. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर गोळ्यांची नावे आणि पुढच्या तपासणीची तारीख होती. पण दिवेलागणीला, म्हणजे ज्या वेळी त्यांचे पाय आपसूक गुत्त्याकडे वळत, त्या वेळी कोणाजवळ जाऊन बसायचे, याबद्दल त्यावर एक अक्षरही नव्हते. वॉर्डातल्या एका मावशींनी त्याच कार्डाच्या पाठीमागे एका शाळेचा पत्ता, वार आणि वेळ पेनाने लिहून दिली, म्हणून आम्हाला गट सापडला. इतकी मोलाची माहिती कोणाच्या तरी भलेपणावर अवलंबून राहावी, हे मला पटत नाही.

तिथे चालते ते अगदी साधे असते. बाके सरकवून सगळे गोल बसतात, एकेक जण आपले पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ एवढे म्हणतो आणि आठवडा कसा गेला ते बोलतो. मध्येच कोणी उपदेश करत नाही आणि ज्याची ‘स्लिप’ झाली असेल, म्हणजे जो पुन्हा प्यायला असेल, त्यालाही चहाचा कप त्याच आपुलकीने दिला जातो. फी नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते. भावाने घरात कधीही न उच्चारलेल्या गोष्टी तो तिथे बोलू लागला, कारण ऐकणारा प्रत्येक जण त्याच वाटेने आलेला होता.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ‘ए. ए.’, ही असे गट चालवणारी चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली, तीही एका यादीमुळे. नुकतीच दारू सोडलेले बिल विल्सन कामात अपयश आल्यामुळे पुन्हा पिण्याच्या उंबरठ्यावर होते. आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी बोललो तर आपण तरू, असे वाटून त्यांनी हॉटेलात लावलेल्या चर्चच्या यादीवरून फोन केले आणि त्यातूनच त्यांची मद्यपीच असलेल्या डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. परक्या शहरातल्या त्या माणसाला जशी यादी मिळाली, तशी ती चोपडा, शहादा किंवा साक्रीच्या माणसालाही मिळायला हवी.

अनामिकता हे या गटांचे तत्त्व असल्याने ते स्वतःची जाहिरात करत नाहीत. मात्र मीटिंगचे ठिकाण आणि वेळ छापल्याने कोणाचेही नाव उघड होत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या सर्वेक्षण अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतो. यामागे कारणे अनेक असतील. जायचे कुठे हेच ठाऊक नसणे, हे त्यातले एक आहे आणि ते वर्तमानपत्राला दूर करता येण्यासारखे आहे. दारू ‘न कळत सोडवणाऱ्या’ पावडरींच्या जाहिराती मात्र सर्वत्र दिसतात. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाला न सांगता दिले आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकते, हेही आपण वाचकांना स्पष्ट सांगावे.

त्या चौकटीत आणखी एक सूचना हवी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या काही दिवसांत फिट येणे, भ्रम होणे असे धोके असतात, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. गट हा उपचारांना पर्याय नाही, उपचारांनंतरची ती रोजची सोबत आहे. व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे निःशुल्क क्रमांकही तिथे द्यावेत. पिणाऱ्यांच्या बायका, आया आणि बहिणी यांच्यासाठी ‘अल्-अनॉन’चे वेगळे गट असतात, हे मला फार उशिरा कळले.

तालुक्याच्या शाळा, वाचनालये आणि मंगल कार्यालये यांच्या चालकांनाही माझे सांगणे आहे. मीटिंग जिल्ह्याच्या गावी संध्याकाळी भरते आणि ती संपेपर्यंत अनेक खेड्यांची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. आमच्या बंधूंना कित्येकदा अर्ध्यातून उठावे लागले. आठवड्यातून एक संध्याकाळ एखादी खोली विनामूल्य मिळाली, तर तालुक्यातच गट उभा राहू शकतो, कारण सुरुवातीला दोन माणसेही पुरतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात आणि त्यांच्याबरोबर बाटलीही येते. नुकतीच दारू सोडलेल्यांना ते दिवस सर्वात अवघड जातात. म्हणून यंदा आखाजीच्या निदान आठवडाभर आधी ही यादी प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपली नम्र,
अमळनेर येथील एक वाचक भगिनी
(बंधूंच्या गटाचा नियम म्हणून नाव छापू नये.)