मिरजेच्या ओपीडीतल्या त्या काकांना

काका नमस्कार, तुमचं नाव विचारायचंच राहिलं म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल. मी ती खानावळवाली, एक्सरेची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर रडत बसलेली.

2016 ला गाडीवरनं पडून घोटा मोडला, प्लेट बसली, हाड जुळलं पण सांधा झिजत गेला. घोट्याची झीज बहुतेकांना जुन्या मारामुळंच होते, गुडघ्यासारखी वयामुळं नाही, हे मला कितीतरी वर्षं कुणी बोललंच नव्हतं, एका ठिकाणी तर वजन कमी करा म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या दिवशी डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले, सांधा स्क्रूनं कायमचा फिक्स करायचा नाहीतर कृत्रिम सांधा बसवायचा, आणि फिक्स ऐकूनच माझा धीर सुटला.

तुम्ही काही न बोलता बूट काढला, मोजा काढला, पाय बाकावर ठेवलात आणि म्हणालात, "ताई, हात लावून बघा, इथं काही हलत नाही." मग बूट घालून जिना उतरून परत वर आलात. मला तर फिक्स केलेला पाय कुठला ते ओळखू पण आलं नसतं! वर हेही सांगितलंत की उकिडवं बसता येत नाही आणि नांगरलेल्या रानात ढेकळावरनं चालताना त्रास होतो. चांगलं तेवढंच सांगून मोकळे झाला नाहीत, म्हणून विश्वास बसला.

अमुकच करा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, फक्त म्हणालात की दुखणं नक्की कुठल्या सांध्यातलं ते आधी विचारा. मी विचारलं. डॉक्टरांनी घोट्याच्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिलं आणि त्या संध्याकाळी मी कितीतरी वर्षांनी उभी राहून साठ चपात्या लाटल्या, काही म्हणजे काही दुखलं नाही, रात्री असर उतरला तसं परत सुरू. म्हणजे घोट्याच्या खालचा सांधा ठीक होता, दुखणं घोट्याचंच. माझं वय 44, दिवसभर उभ्याचं काम, कृत्रिम सांधा झिजला तर परत ऑपरेशन आणि तेव्हा हाड पण कमी उरतं, म्हणून मी फिक्सच निवडलं. हालचाल टिकवायची म्हणून दुसरं कुणी कृत्रिम घेईल, ते पण चुकीचं नाही.

आणि मिश्री! तंबाखूनं हाड धरत नाही, आधी सोडा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला लाज वाटली, कारण डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी डबी परसात रिकामी केली आणि त्यांना खरं ते सांगितलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता, सासूबाईंनी खानावळ सांभाळली, मग आधाराचा बूट, मग काठी. आता हाड जुळलंय आणि रात्री झोप लागते.

काका, तुमच्या बुटाचा तळ पुढून गोल करून घेतलेला होता ना, ते कुठं करून मिळतं तेवढं कळवा, चढावर पाय अजून अडखळतो.