बुडता बुडता वाचलेल्या मुलाला दवाखान्यात न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्तर सोलापूर तालुक्यात आमची विहीर आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वस्तीवरची पोरं पाठीला डबा बांधून तिथं पोहायला शिकतात. वीस वर्षं मीच शिकवतोय, म्हणून हे पत्र मीच लिहायला हवं.

गेल्या मे महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचा डबा सुटला आणि तो पाण्याखाली गेला. मी उडी मारून वर काढला. ठसकला, उलटी झाली, मग मोठ्यानं रडला. पोर रडलं म्हणजे वाचलं, असं आम्ही धरून चाललो. ताई म्हणाली, "डॉक्टरला दाखवायचं का रे?" मी म्हणालो, "कशाला? पाणी पडलं की सगळं बाहेर." ते माझं बोलणं अजून मला झोपू देत नाही.

चार वाजेपर्यंत तो गप्प गप्प झाला. खोकला थांबेना, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. मला वाटलं, दमलाय, झोपू दे. ताईनं ऐकलं नाही. सोलापुरात पोचलो तेव्हा त्याच्या बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ८६ होता. दोन रात्री तो ऑक्सिजनवर होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्या मिटू नयेत म्हणून आतून एक पातळ थर असतो. थोडंसं पाणी आत गेलं तरी तो थर बिघडतो, पिशव्या मिटतात, त्यांत द्रव साचतो आणि रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो. हे काही वेळा लगेच दिसत नाही, तासा-तासानं वाढत जातं. म्हणून पाण्याखाली गेलेलं मूल वरून ठीक दिसलं तरी सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली हवं. नुसतं नाकात पाणी जाऊन दोनदा खोकलं आणि खेळायला लागलं, तर त्याची गोष्ट वेगळी. पण बाहेर ओढून काढावं लागलं असेल, खोकला राहिला असेल, उलटी झाली असेल, मूल सुस्तावलं असेल, तर घरी वाट बघू नका.

आमच्याकडे अजूनही बुडालेल्याला उलटं धरून फिरवतात, पोट दाबतात. त्यानं पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे, मग छाती दाबायची आणि श्वास देत राहायचं. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. मेंदूला ऑक्सिजनशिवाय चार-पाच मिनिटंही जड जातात.

खर्चाच्या आणि चौकशीच्या धास्तीनं लोक दवाखाना टाळतात, हे मी गावात बघतोय. पोरंही मार बसेल म्हणून बुडाल्याचं घरी सांगत नाहीत. त्यांना रागावू नका, आधी विचारा.

शहरातल्या पोहण्याच्या तलावांवर आणि गावोगावच्या विहिरींवर एवढी सूचना लागावी, ही विनंती. आमच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर मी ती ऑइलपेंटनं लिहिली आहे. खाली १०८ आकडा मोठा काढलाय.

आपला,
एक शेतकरी, उत्तर सोलापूर