काढलेले प्लास्टिक जाते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिक '99 टक्के' काढून टाकणाऱ्या संशोधनाच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. कधी चुंबकाने ओढता येणारे तेल, कधी एखादा नवा स्पंज. हे संशोधन खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण सांडपाणी प्रक्रियेच्या कामाशी बरीच वर्षे संबंध असल्याने अशा बातमीत एक प्रश्न हटकून सुटलेला दिसतो. काढलेले प्लास्टिक पुढे जाते कुठे?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. खरे तर ते पाण्यातून वेगळे करण्याचे काम साधी प्रक्रिया केंद्रेही बऱ्यापैकी करतात. निवळण टाकीत जड कण तळाशी बसतात, हलके कण तेलकट सायीबरोबर वर येतात आणि निपटून काढले जातात. उरलेले पाण्यातील घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या गाळात गुरफटतात. नीट चाललेले केंद्र 90 टक्क्यांहून अधिक कण अडवू शकते, आणि मेम्ब्रेन म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बसवलेला असेल तर त्याहूनही जास्त. मात्र यात नष्ट काहीच होत नाही. सगळे गाळात जाऊन बसते आणि तोच गाळ अनेक देशांत वाळवून खत म्हणून शेतात पसरतात. नदीचे वाचले ते जमिनीच्या वाट्याला आले, एवढेच.

या गाळाची चिमूटभर स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर निळे, तांबडे, वेटोळे झालेले धागे दिसतात. ते पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिकच्या कपड्यांचे. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की, ॲक्रिलिक कपड्यांच्या सहा किलोच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. तंतू लांबट, पण जाडीला केसाहूनही बारीक. जाळीवर आडवा आला तर अडकतो, उभा आला तर सटकतो.

टक्क्यांचेही तसेच. दिवसाला 10 कोटी लिटर पाणी सोडणाऱ्या केंद्रातून लिटरमागे एकच कण निसटला, तरी रोज 10 कोटी कण बाहेर पडले. कागदावर मात्र ते केंद्र उत्तम ठरते!

घरच्या पाण्याचीही गोष्ट वेगळी नाही. चिनी संशोधकांनी 2024 मध्ये दाखवले की, जड म्हणजे क्षार जास्त असलेले पाणी उकळले की क्षार कणांभोवती साचतो आणि मग गाळून 90 टक्क्यांपर्यंत कण काढता येतात. मृदू पाण्यात हे प्रमाण जेमतेम 25 टक्के. उपाय सोपा आणि स्वस्त आहे, करावा. पण गाळणीतला तो क्षार आपण धुतो मोरीतच. आरओमधून वाया जाणारे पाणीही गटारातच जाते.

म्हणून माझ्या मते जोर उगमावर हवा. फ्रान्सने 2020 च्या कायद्यात 2025 पासून नव्या वॉशिंग मशीनना तंतू अडवणारा फिल्टर लावण्याची तरतूद केली. अंमलबजावणी रखडली, तरी दिशा बरोबर आहे. अर्थात, तो फिल्टर नळाखाली धुतला तर सगळेच मुसळ केरात. त्यातला लगदा सुक्या कचऱ्यातच जायला हवा. टायर झिजून उडणाऱ्या कणांना मात्र असा फिल्टर नाही. गाळ जाळणे हा दुसरा मार्ग. स्वित्झर्लंडने शेतात गाळ टाकणे केव्हाच बंद केले. जाळण्यात प्लास्टिकबरोबर नत्र आणि सेंद्रिय कर्बही जातो आणि भट्टीचा खर्च लहान गावांना झेपत नाही, हे खरे. त्यावर मोकळेपणाने चर्चा व्हावी.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. प्रयोगशाळेत बहुधा स्वच्छ पाण्यात पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे एकसारखे गोल मणी टाकून चाचणी घेतली जाते. गटाराच्या पाण्यात साबण, तेल, केस, शेवाळ सगळेच असते. तेव्हा यापुढे '99 टक्के' छापण्यापूर्वी चाचणी कोणत्या पाण्यावर झाली, किती मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मोजले आणि वापरून झालेला स्पंज कुठे टाकायचा, एवढे तरी विचारून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक