सपाट पृथ्वी आणि भास्कराचार्यांचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पृथ्वी सपाट आहे, असे ठामपणे मानणाऱ्या एका जुन्या आणि सुशिक्षित मित्राशी माझा सध्या वाद चालू आहे. अंतराळातून घेतलेली छायाचित्रे संगणकावर तयार केलेली असतात आणि गोल पृथ्वी ही इंग्रजांनी शाळांतून आपल्या माथी मारलेली कल्पना आहे, असे त्याचे म्हणणे आहे. त्याला हसण्यावारी नेणे मला योग्य वाटत नाही, आणि ज्या संस्थांवर त्याचा विश्वासच नाही त्यांचे पुरावे त्याच्यापुढे ठेवण्यातही अर्थ नाही.

म्हणून मी त्याला भास्कराचार्यांकडे नेले. इ. स. 1150 मधील ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्यांनी विचारले आहे की, पृथ्वी जर आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्या वरच फिरत असेल, तर तो देवांप्रमाणे माणसांनाही सतत का दिसत नाही? पृथ्वी सपाट का भासते, याचे उत्तरही तेथेच आहे: परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, आणि या अफाट पृथ्वीवर माणूस फारच लहान आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तेव्हा इंग्रजांचा मुद्दा निकालात निघाला.

त्यांचा प्रश्न मात्र सपाट पृथ्वीवाद्यांच्या आजच्या, उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या गोल तबकडीसारख्या नकाशालाही लागू पडतो. त्या नकाशाचे समर्थक सूर्य सुमारे 5000 किलोमीटर उंचीवर फिरतो असे मानतात. तसे असते, तर विषुवदिनी संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य महाराष्ट्रातून क्षितिजाच्या वीसएक अंश वर दिसला असता आणि त्याचे बिंब दुपारच्या निम्म्याहूनही लहान झाले असते. प्रत्यक्षात तो क्षितिजाखाली जातो आणि बिंब दिवसभर सुमारे अर्ध्या अंशाचेच राहते. दूर गेलेली वस्तू खाली गेल्यासारखी वाटते, हे मित्राचे उत्तर मला म्हणूनच मान्य नाही.

त्याची एक हरकत मात्र रास्त आहे. एकाच दिवशी मध्यान्ही दोन गावांतील सावल्यांत पडणारा फरक हा गोल पृथ्वीचा पुरावा म्हणून सांगतात, पण तो सपाट पृथ्वीवर जवळचा सूर्य मानूनही समजावता येतो. आपली पाठ्यपुस्तके येथेच थांबतात, हे मला खटकते. तिसरे ठिकाण घेतले की हा मार्ग बंद होतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास सावली नाहीशी होते, त्या दिवशी आपापल्या मध्यान्ही सूर्य डोक्यावरून दिल्लीत सुमारे 10 अंश, तर लंडनमध्ये सुमारे 33 अंश कललेला असतो. पृथ्वी सपाट धरून उत्तर-दक्षिण अंतरांवरून त्याची उंची काढली, तर दिल्लीच्या मापावरून ती सुमारे 6300 किलोमीटर येते आणि लंडनच्या मापावरून सुमारे 5650. एकच सूर्य एकाच दिवशी दोन उंचींवर असू शकत नाही. गोल पृथ्वी धरली की ही विसंगती उरत नाही.

शून्य सावलीच्या तारखा वृत्तपत्रांत दरवर्षी प्रसिद्ध होतात. येत्या मे महिन्यात आपण त्यांच्यासोबत वाचकांना, आणि लंडनमधील मराठी कुटुंबांनाही, उभ्या काठीची उंची व मध्यान्हीच्या तिच्या सावलीची लांबी कळवण्याचे आवाहन करावे आणि आलेली मापे गावांच्या नावांसह जशीच्या तशी छापावीत, अशी विनंती आहे. पुण्यातील माप माझ्या मित्राने घ्यावे, असे आमचे ठरले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे